पहिलीतले पंडितजी

...अहो, मांडी घालून बसवा ना, पाच तास बसतो, सगळा जन्म पाटावर गेलाय माझा, पण ते बाकडं! पहिलीतल्या पोरांचं बाकडं, एवढंसं, त्यात मी, धोतरासकट कोंबलेला, गुडघे हनुवटीला टेकलेले, आणि मागून कुणीतरी शेंडी ओढतंय... तेही दोनदा! तुम्हाला सांगतो, वर्षभर असा बसलो. कुणापायी? आमच्या यज्ञेशपायी.

आता मी कोण? दत्तात्रेय वैदिक. बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत कुणालाही विचारा. घरी विद्यार्थी येतात वेद शिकायला. संथा कशी देतात, ठाऊक आहे ना? गुरूनं एकदा म्हणायचं, शिष्यानं दोनदा. बस्स, एवढंच, पिढ्यान् पिढ्या एवढंच. तर आमचा यज्ञेश तीन वर्षांचा झाला, आणि मी म्हटलं, 'जेवलास का?' की हा म्हणणार, 'जेवलास का, जेवलास का.' आई म्हणाली, 'इकडे ये,' की हा जागच्या जागी गोल फिरत, 'इकडे ये, इकडे ये.' तेही दोनदा! हो! अहो, मी हरखलो! गल्लीभर सांगत सुटलो, पोरगं पोटातूनच संथा घेऊन आलंय, पूर्वजन्मीचा घनपाठी आहे घनपाठी! पेढे वाटले!

आमची देवयानी हळूच म्हणायची, 'अहो, तो माझ्याकडे बघत नाही.' मी म्हणायचो, 'अगं, वैदिक कुठे बघतात इकडेतिकडे?' 'अहो, तहान लागली तरी मागत नाही, माठावर डोकं आपटतो.' 'हट्टी आहे. मीही होतो.' असा मी! तिच्या डोळ्यांत पाणी, आणि मी पेढे वाटतोय. लाज वाटते हो आता सांगताना.

मग आली शाळा. घरात आमची मराठी, पण इथल्या शाळा सगळ्या हिंदी. चौऱ्याण्णव साल, पोरगं सहाचं. पहिल्या शाळेत घंटा वाजली, यानं कान दाबून अशी किंकाळी फोडली की घाटावरची कबुतरं उडाली, आणि घंटा वाजवणाऱ्या चपराशाला हा कडकडून चावला. तेही दोनदा! दुसऱ्या शाळेत टाय लावलेले मोठे साहेब. 'बेटा, व्हॉट इज युवर नेम?' हा म्हणाला, 'बेटा व्हॉट इज युवर नेम, बेटा व्हॉट इज युवर नेम.' साहेब लालबुंद! 'पंडितजी, यह बच्चा हमारी नकल उतार रहा है?' आणि मी, मोठ्या अभिमानानं, 'जी नहीं, संथा ले रहा है!' ...काढलं बाहेर. दोघांनाही. पुढची शाळा म्हणाली, 'इसे घर पर ही रखिए.' घरी म्हणजे किती दिवस हो? आम्ही आहोत तोवर? आणि मग?

शेवटी गल्लीच्या टोकाची ती दोन खोल्यांची शाळा. तिथे पहिलीला शिकवणाऱ्या बाई, प्रभावती बहनजी. बुटक्या, गालात पान, आवाज असा की सांडसुद्धा वाट देईल. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जमिनीवर बसल्या आणि तासभर यज्ञेश खडू गोल गोल फिरवत होता ते बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'पंडितजी, यह बोलता तो सब है... माँगता कुछ नहीं.'

तीन वर्षं जे देवयानी सांगत होती, ते त्या बाईला तासाभरात दिसलं. बहनजींनीच डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरनं आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि बजावलं, शाळा सोडू नका. पण हेडमास्तर तयार कुठे होते? बहनजी त्यांच्याशी भांडल्या. तेही दोनदा! तेव्हा कुठे ते म्हणाले, 'चार महीने. सुधार नहीं हुआ तो नाम काट देंगे. और घर का कोई साथ बैठेगा.' मी म्हटलं, चला, देवयानी बसेल. तर बहनजी माझ्याकडे बोट दाखवून, 'संथा कौन देता है? आप! तो आप बैठिए.'

आलं का बाकडं? आलं!

बाई मात्र शहाणी हो. घंटेला गोणपाट गुंडाळलं. यज्ञेश किंचाळायचा थांबला, पण आता शाळा सुटल्याचं कुणालाच कळेना, अर्धा अर्धा तास सगळे बसून! मग त्यांनी पाण्याचा पेला हातात धरून संथा सुरू केली. त्या एकदा म्हणायच्या, 'पानी दीजिए.' यज्ञेश दोनदा. की लगेच पेला हातात. महिना, दीड महिना हेच. मग एके दिवशी पेला धरला, आणि बाई गप्प! आता शिष्य अडखळला की गुरूनं पुढचा शब्द द्यायचा, पंचवीस वर्षांची सवय माझी, तोंडातून निघालंच, 'पा...' 'पंडितजी, चुप!' आणि सगळा वर्ग हसत हसत, 'पंडितजी, चुप!' तेही दोनदा! आता सगळ्यांनाच संथा लागलेली!

चौथा महिना संपत आला. हेडमास्तर दारात, काखेत रजिस्टर. बहनजींच्या हातात पेला. गप्प. यज्ञेश बाकड्यावर डोकं आपटायला लागला. मध्ये मी माझा हात घातला, आणि उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला, तुम्हाला सांगतो, तोंडात कोंबला, शब्द निसटू नये म्हणून. आपटणं थांबलं. त्यानं माझी हनुवटी धरली, स्वतःकडे वळवली आणि म्हणाला, 'बाबा, पाणी.'

एकदा. एकदाच!

बहनजी शिकवत होत्या हिंदीत. मग ही संथा कुणाची? कुणाचीच नाही हो! त्याची! त्याची स्वतःची! 'बाबा' म्हणाला मला... मी पेला घ्यायला गेलो, निम्मं पाणी धोतरावर. बहनजी म्हणाल्या, 'पंडितजी, आप रो लीजिए, गिलास मुझे दीजिए.' हेडमास्तरांनी रजिस्टर न उघडताच परत नेलं.

सगळं बरं झालं का? छे! परवाच भाजीवाल्याला चावला. पण पाणी मागतो, पोळी मागतो, आईला 'ये' म्हणतो, आणि देवयानी हातातलं टाकून धावते. त्या बाईंचे उपकार ह्या जन्मी फिटायचे नाहीत. निकालाच्या दिवशी शाल-नारळ घेऊन गेलो, वाकून नमस्कार केला. त्यांनी नारळ घेतला, शाल यज्ञेशच्या खांद्यावर टाकली आणि प्रगतिपुस्तक माझ्या हातात दिलं. 'यज्ञेश पास. अगले साल बेंच थोड़ी बड़ी है, पंडितजी. जुलाई में समय पर आइएगा.'

मी पहिली पास झालो, पहिली पास झालो.