अ‍ॅलर्जी : काही नाही

फ्रीगंजातल्या दवाखान्यात वासंतीकाकू नवऱ्याचा मोबाइल मुठीत धरून आयसीयूबाहेर बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर दवाखान्याचं अ‍ॅप बनवणारी दोन तरुण पोरं मोठ्या डॉक्टरांच्या बोलावण्याची वाट पाहत कुजबुजत होती.

"निहारिका, अ‍ॅप लहान कर म्हटलं होतं मी. नावं कशाला बदललीस?"

"शैलेंद्र, ते टूल आपोआप बदलतं. कोडमधल्या क्लासची, म्हणजे एकेका तुकड्याची, मोठी नावं काढून एकेक अक्षर ठेवतं, कोणाला वाचता येऊ नये म्हणून."

"मग बिघडलं कुठं?"

"लोकांच्या फोनमध्ये साठवलेली माहिती जुन्याच नावानं पडलेली असते ना. नवं अ‍ॅप ते नाव ओळखतच नाही. या क्लासना हात लावू नको, अशी एक ओळ टाकायची असते. तीच राहिली, यार."

"टेस्टिंग?"

"केलं की! नव्या फोनवर. त्यात जुनं काही नव्हतंच, तर बिघडणार काय?"

"आणि पेशंटला एरर दिसतो?"

"एरर आला असता तर सुटलो असतो. अ‍ॅलर्जीपुढे 'काही नाही' येतं."

आयसीयूचं दार उघडून सिस्टर बाहेर आली.

"काकू, मघाच्या इंजेक्शननंच काकांचा श्वास कोंडला. त्यांना चालत नाही, हे आधी सांगायचं ना!"

"मला कुठलं ठाऊक? ह्यांनीच सगळं फोनमध्ये भरून ठेवलेलं. मी डॉक्टरांना फोनच दाखवला."

शेजारची कुजबुज त्यांच्या कानावर पडली होती. काकूंनी वळून मोबाइल निहारिकेपुढे धरला.

"बेटा, तुम्हीच बनवता ना हे? जरा बघून सांग, ह्यांना अजून काय काय चालत नाही?"