सटवाची पाठ

(लिंबागणेशजवळची चारा छावणी. चैत्रातली दुपार.)

दगडाबाई : बसा बाई. पर जाळीखाली नगा बसू, छावणी चालिवणाऱ्या सोसायटीचा माणूस वरडतो. ती सावली जनावरापुरती हाय.

गीताबाई : शाळेत कळलं म्हणून आले. सटवा कुठं आहे, आजी?

दगडाबाई : बीडला, दवाखान्यात. आजा घिऊन गेला. नातवाच्या पाठीची सालटी निघाली ओ बाई. हात लावू देईना.

गीताबाई : उन्हानं एवढं भाजलं?

दगडाबाई : नुसत्या उन्हानं न्हाई. ह्या त्याच्या बहिणीला इचारा. शिवकन्ये, ये कडब्यामागून. सांग तुझ्या बाईला.

शिवकन्या : तुमीच म्हणलात.

गीताबाई : मी? काय म्हणाले गं?

शिवकन्या : वर्गात मोबाइलवर क्रिकेटवाला दावला न्हाई का, तोंडाला पांढरं फासलेला? म्हणलात, हे लावलं की ऊन भाजत न्हाई.

गीताबाई : ते मलम असतं, बाळा. आणि त्याच्या आधी सांगितलं होतं ना, अंगभर कपडे घाला, भर दुपारी सावलीत बसा?

शिवकन्या : सटवाच्या सदऱ्याला पाठच न्हाई. सावलीत बसलो तर त्या माणसानं उठिवलं. मग पांढरंच ऱ्हायलं.

गीताबाई : काय लावलंस त्याला?

शिवकन्या : चुना. गोठ्यात टाकायला पोतं आणलंय, त्यातला. पाण्यात कालवला.

गीताबाई : अगं आई गं.

दगडाबाई : पोरगं वरडतंय, अन् ही धरून बसली. म्हणती, दम धर, औषध लागतंय.

शिवकन्या : औषध लागतंच की.

गीताबाई : स्वतःला नाही लावलंस?

शिवकन्या : आदी त्याला लावलं. त्यो बारीक हाय.

दगडाबाई : बहात्तरच्या दुष्काळात मी हिच्याएवढी हुते. आईसंगं खडी फोडाया जायची. आई पदर भिजवून माझ्या डोक्यावर टाकायची. रस्त्याला लिंबं हुती, आंबे हुते. सुट्टी झाली की समदे खाली आडवे. कुणी उठ म्हणत नव्हतं. आता भिजवाया पाणी न्हाई अन् टेकाया झाड न्हाई.

गीताबाई : हिच्या आईला कळवलंत?

दगडाबाई : ती दोघं ऊस तोडाया कर्नाटकात. कारखाना बंद झाल्याबिगर मुकादम सोडतोय व्हय? फोनवर काय सांगू? पोरीनं भावाला भाजलं म्हणून?

गीताबाई : तिनं नाही हो. मी मलम म्हणाले असते, नीट नाव सांगितलं असतं तर...

दगडाबाई : सांगितलं असतं तर काय? हितं कोण आणून देणार हुतं?

गीताबाई : शिवकन्या, इकडं बघ. सटवा बरा होईल. तू उद्या शाळेत ये.

शिवकन्या : न्हाई येत.

गीताबाई : मी रागावणार नाही. कुणालाच काही बोलू देणार नाही.

शिवकन्या : त्याचं न्हाई, बाई. तुमी सांगितलं की मला समदं खरं वाटतं.