राबावर बसली हाय मी

उठायला नका सांगू मला. बाकी काय पण विचारा, सगळं सांगते, पण उठ बोलू नका. सकाळपासून अर्धी वाडी येऊन तेवढंच बोलून गेली. तुम्ही परगावची माणसं, त्या आंब्याखाली सावलीला बसा, इथं ऊन हाय आन् हा सुक्या पानांचा पातेरा टोचतो. ही छत्री सुनेनं आणून दिली. उघडून हातात दिली आन् गेली.

माझं म्हायेर तिकडं खाली, कासूच्या खाडीच्या अंगाला. आम्ही खारपट्टीतली माणसं. बाप मिठागरावर जायचा, आये भात लावायची, आन् सुकट घेऊन पेणच्या बाजाराला जायची, येताना माझ्यासाठी उडदाच्या पापडाची लाटी आणायची, पानात गुंडाळून, मी वाटेवर जाऊन उभी राहायची. काय सांगू तुमाला, गरिबी होती पण वारा होता. खाडीवरून सुटला की अंगावरचा पदर टिकायचा नाय. आन् मुद्द्याची गोष्ट ही की आमच्याकडं भाताला आग लागत नाय. पाऊस पडला की बी रातभर भिजवायचं, गोणत्यात भरायचं, पेंढ्याखाली दडपायचं, वर धोंडा ठेवायचा, ऊब धरते, मोड येतात, मंग ते मोडाचं बी चिखलात फेकायचं. त्याला आम्ही रहू बोलतो. माझ्या बापानं, त्याच्या बापानं तसंच भात केलं. आन् आम्ही काय उपाशी मेलो नाय.

मंग लगीन जालं आन् मी इकडं आली, रोह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराकडं. पहिलाच वैशाख. मी दारात तांदूळ निवडत होती आन् बघते तर समोर शेत पेटलंय. धूरच धूर. मी वरडली, आग लागली आग लागली, हंडा उचलला नि धावत जाऊन ओतला. सगळी हसायला लागली. सासरा तर डोक्याला हात लावून बसला. तो राब होता. इकडची रीतच तशी, जिथं रोपं करायची त्या जागेवर शेण टाकायचं, झाडाची कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडून पसरायची, वर पातेरा, पेंढा, आन् माती दाबून सगळं भाजायचं. गवताचं बी मरतं, राखेनं रोपं जोमानं येतात. मी काय जाणू. माझा धाकटा दीर, दत्तू, तवा एवढासा होता, तो तर जमिनीवर लोळला हसून हसून. वयनीनं राब विझवला, वयनीनं राब विझवला, असं गात गावभर फिरला.

हा दत्तू माझ्या मांडीवर वाढलाय, बरं का. सासू लवकर गेली. ह्याला मी भरवलं, ह्याच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या, ह्याचं लगीन मी लावलं. मी तरी त्याला भावजीच बोलते, मान तो मान. आज त्याचाच हा राब, ज्याच्यावर मी बसली हाय. जमीन वाटून घेतली तवा घरामागचा हा तुकडा त्याच्या वाट्याला आला, आन् आमचं घर, बघा ना, ती खिडकी दिसते का, हिरवं कापड टांगलेली, तेवढंच लांब. दुपारी वारा फिरला की इथला धूर सरळ त्या खिडकीत.

त्या खिडकीमागं माझी नात हाय. ईश्वरी. पयलीला जाते. जाते म्हणजे, जाईल तेवढे दिवस जाते. तिला दमा हाय.

पयला खोकला यायचा तवा आम्ही बोललो सर्दी. मंग रोह्यात दाखवलं, पुलापलीकडं अष्टमीला डॉक्टर हाय, चांगला माणूस. त्यानं पंप दिला तोंडात मारायचा. वाडीतल्या बायका बोलायला लागल्या, पंप नको गो, पंपाची सवय लागते, मंग जन्मभर सुटत नाय. सून घाबरली. मी डॉक्टरला जाऊन विचारलं, तर तो बोलला, आजी, श्वास घ्यायची तर सगळ्यांनाच सवय हाय. पंप रोज द्या, आन् पोरीला धुरापासून लांब ठेवा. मी बोलली, डॉक्टर, धुरापासून लांब म्हणजे कुठं? तो कागदावर लिहीत राहिला.

मंग मी घरातल्या धुराच्या मागं लागली. चूल गेली, अगदी आंघोळीच्या पाण्याची पण गेली. झाडायच्या आधी अंगणात पाणी शिंपडायचं, धूळ उडता कामा नये. मच्छर अगरबत्ती बंद, मच्छरदाणी लावली. प्लास्टिक जाळायचं नाय, पातेरा जाळायचा नाय, मागं खड्डा खणला, सगळा पातेरा त्यात, खत होतंय. आमच्या ह्यांची बिडी सोडवली, म्हणजे मालकांची, त्यापायी आमच्यात बोलणं बंद होतं किती तरी दिवस, अजून पण वाकडं बघतात. पोरगा कंपनीत शिफ्टला जातो, त्याला सांगितलं कंपनीचे कपडे बाहेरच्या मोरीत काढायचे, हातपाय धुवायचे, मंग पोरीला उचलायची. देवाला पण बोलली, बाबा, तुझ्यापुढं उदबत्ती लावते पण पेटवणार नाय, तू वास घेऊन घे. खिडकीवर ओलं कापड टांगलं, तेच ते हिरवं. सुकलं की भिजवायचं, सुकलं की भिजवायचं. माझी सून दिवसभर तेच करते.

आन् राब. राब तर आम्ही पण भाजायचो. गेल्या वर्षी मी मालकांना बोलली, ह्या वर्षी राब नाय, मी रहू करते, आमच्या खाडीकडचं. ते बोलले, तुझी खाडी वेगळी, तिथं खारं पाणी हाय, गवत वाढत नाय. इथं गवत रोपाच्या वर जाईल. मी बोलली, गवत मी काढीन. एक वर्ष द्या मला. दिलं त्यांनी. खोटं कशाला बोलू, गवत आलं. बिडी सुटल्याचा राग होता, हे नुसते बांधावर उभं राहून बघायचे. मी सगळा आषाढ त्या चिखलात बसून गवत उपटलं, गुडघे सुजले. भात आलं. दरवर्षीपेक्षा थोडं उणं आलं, पण आलं.

पण काय उपयोग? आमचा राब नव्हता, दत्तूचा होता. गेल्या वैशाखात त्यानं इथंच भाजला. त्यानं सांगून भाजला होता, सकाळी भाजतो बोलला, वारा नसतो. पण राब काय चुलीवरचं भात हाय, जाला की उतरवला? दिवसभर धुमसतो तो. दुपारी वारा आला. पोर झोपली होती. सून ओरडली म्हणून मी आत गेली तर पोर उठून बसलेली, मान पुढं, खांदे वर जातायत, तोंड उघडं आन् आवाज नाय. रडायला पण दम नव्हता तिच्यात. ओठ जांभळे. पंप मारला, परत मारला. माझ्याकडं बघत होती ती. मी आजी हाय ना, मी काय तरी करीन, असं बघत होती. मला ते डोळे विसरता येत नाय हो. पोरग्यानं मोटारसायकल काढली, सुनेनं पोर उराशी धरली, पूल ओलांडून अष्टमीला नेली. वाफ दिली, सुया दिल्या, वाचली. डॉक्टर बाहेर येऊन बोलला, थोडा उशीर जाला असता तर मी काय करू शकलो नसतो. परत असं होऊ देऊ नका.

सून बोलली मी हिला घेऊन पेणला जाते, आयेकडं. तिचं म्हायेर पेणला. गेली. तिकडं शेजारी गणपतीचा कारखाना, वर्षभर मूर्ती घासतात, पांढरी धूळ उडते, आन् बाहेर रस्त्यावर गाड्याच गाड्या. पोर तिकडं जास्ती खोकली. ते कारखान्यातले काय वाईट माणसं नाय, त्यांनी मधे ताडपत्री बांधली बिचाऱ्यांनी, पण धूळ काय ताडपत्रीला विचारते? आली परत. मी भावाला विचारलं, माझ्या म्हायेरी ठेवू का. तो बोलला, बाय, तू आठवतेस ती खाडी राहिली नाय, आता मालाच्या मोठ्या होड्या, बार्जी लागतात, डंपर धावतात, वाळत घातलेलं लुगडं काळं होतं. माझा तो वारा, ज्यानं पदर टिकायचा नाय, तो पण गेला. मंग सांगा, कुठं नेऊ मी तिला? कुठली जागा उरली?

म्हणून ह्या वर्षी मी शिमग्यातच दत्तूकडं गेली. पदर पसरला त्याच्यापुढं, वयनी असून. बोलली, भावजी, तुमचं पण रहू मी करते. बी भिजवते, मोड आणते, गवत पण मीच काढते, तुम्ही फक्त काडी लावू नका. तो मान खाली घालून बोलला, वयनी, तुमच्या खाचरात गवत किती जालं ते मी बघितलं. तुमच्या घरात पोरग्याचा पगार येतो. माझ्या घरात भातच येतं. तुमचे गुडघे ह्या वर्षी बसतील का चिखलात? आन् नाय बसले तर माझी पोरं काय खातील?

खोटं बोलला का तो? नाय बोलला. तेच तर दुखणं हाय. तो वाईट असता तर मी भांडली असती, शिव्या घातल्या असत्या, मला येतात चांगल्या.

आन् काल बघितलं तर राब रचून तयार. म्हणून आज उजाडताच येऊन बसली. दत्तू काडीपेटी घेऊन आला, मला बघितलं नि थांबला. बोलला, वयनी, तवा हंडा ओतलात, आता स्वतःच बसलात. हसायला गेला पण त्याला हसू आलं नाय. बोलला, उठा, लोक बघतायत. मी बोलली, बघू देत. तो बोलला, पाऊस तोंडावर आला, किती दिवस बसाल? मी बोलली, काडी लावा ना भावजी, मी कुठं नाय बोलते. तुमाला भरवलंय ह्या हातांनी, ह्याच हातांसकट लावा.

असं बोलायला नको होतं मी. त्याचा चेहराच पडला. काडीपेटी खिशात घातली आन् तो बघा, बांधावर बसलाय पाठ करून, तवापासून. जेवायला पण गेला नाय. मी उठत नाय आन् तो जात नाय. त्याची बायको, माझी जाव, दोघांना भाकरी देऊन गेली, रडत होती. मला ठाऊक हाय, मी त्याचं वर्ष बुडवतेय. पाऊस आला आन् राब भाजला नाय तर त्याच्या रोपांतलं गवत माझ्या गुडघ्यांवर येणार. हे गुडघे चालतील का नाय ते मला पण सांगता येत नाय. पण गुडघ्यांच्या आधी पोरीचा दम संपेल, मी काय करू? तुम्ही शिकलेली माणसं, तुम्ही सांगा, दुसरं काय करू?

थांबा. वारा फिरला बघा. वास येतोय ना? नाय, इथला नाय, इथं मी हाय. त्या खालच्या वाडीकडं बघा, झाडांच्या वर. पेटवला त्यांनी. आन् तो त्याच्या पलीकडं, तो दुसरा. आता हळूहळू सगळीकडून निघेल. मला बूड एकच हाय हो. कुठं कुठं जाऊन बसू मी?

जावा तुम्ही आता, धूर खाली बसायच्या आत पूल ओलांडा. एवढ्या उन्हात माझं ऐकलंत, देव तुमच्या पोराबाळांचा श्वास मोकळा ठेवो. जाताना आमच्या दारात जरा थांबा. सुनेला बोला, कापड भिजव, पंप जवळ ठेव. आन् तांब्याभर पाणी त्या बांधावर पाठवून दे बोलावं, दत्तूला. मघापासून ऐकतेय मी, तो पण खोकतोय.