शीलास टेलरची साक्ष

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. देवाचे उपकार मानणं — चांगलं की वाईट? हसू नका! म्हणाल, "बुवा, हे काय विचारणं झालं? चांगलंच!" बरं. मग दुसरं विचारतो. उपकार मानताना माणसाच्या तोंडून कुणाला जखम होऊ शकते का?

झालात ना गप्प? ऐका तर मग.

एक तालुक्याचं गाव. ख्रिस्ती मंडळींची साठेक घरं, कौलारू चर्च, आणि चर्चसमोर शीलास पाटोळे यांचं शिवणकामाचं दुकान. शीलास टेलर म्हणजे प्रार्थनेचा माणूस! दुकान उघडलं — उपकार. सुईत दोरा ओवला — उपकार. पहिल्या झटक्यात ओवला, तर दोनदा उपकार! जेवणाआधीची प्रार्थना एवढी लांब, की बायको भाकरी फडक्यात झाकून ठेवायची. हां, आपल्यातही आहेत असे — नावं घेत नाही! पण माणूस खरा हो. ढोंग नव्हतं.

एकदा काय झालं — घाटापलीकडच्या गावात लग्न निघालं. नवरदेवाचा कोट शीलासनीच शिवलेला. सकाळी जीप भरली, शीलास दाराजवळच्या जागेवर बसले, आणि कपाळावर हात मारला — "अरे देवा! कोट दुकानातच राहिला!" उतरले खाली. समोर एसटीची वाट बघत त्यांचा जिवलग दोस्त उभा — एलीशा गोर्डे. कांदा पिकवणारा साधा माणूस. तोही लग्नालाच निघालेला.

शीलास म्हणाले, "एलीशा, ये, बस माझ्या जागेवर. मी येतो कोट घेऊन मागच्या एसटीनं."

एलीशा हसला. बसला. जीप गेली.

घाटात जीप उलटली, मंडळी. बाकीचे खरचटून वाचले. एकच गेला — दाराजवळचा.

माती झाली. रविवार आला. चर्चमध्ये पाळकसाहेबांनी विचारलं, "प्रभूनं काय केलं याची साक्ष कुणाला द्यायची आहे?" शीलास उठले. डोळ्यांत पाणी, आवाज भरलेला — "प्रभूनं आपल्या हातानं मला त्या जीपमधून उचलून बाहेर काढलं! कसे उपकार मानू!"

"हालेलुया!" चर्च दणाणलं!

बायकांच्या बाजूला एलीशाची बायको बसली होती — तबिथाबाई. हळूच उठली आणि बाहेर निघून गेली.

शीलासनी ते पाहिलं. दुपारी तिच्या दारात गेले. "वहिनी, माझं काही चुकलं का?"

तिनं वर पाहिलं. "तुमचं काय चुकायचं, भाऊजी? देवानं तुम्हाला हातानं बाहेर काढलं. मला एवढंच सांगा — माझ्या माणसाला आत कुणी बसवलं? त्याच हातानं?"

काय उत्तर द्याल? इतकी वर्षं कीर्तन करतोय मी — मला नाही सुचत! शीलास खाली मान घालून घरी आले.

बायकोनं ताट वाढलं, डोळे मिटून बसली. शीलासच्या तोंडून प्रार्थनेचा शब्दच येईना.

"अहो, प्रार्थना करा ना."

"कशाबद्दल करू? मी वाचलो म्हणून? त्याला मीच बोलावलं गं! जीपचं दारसुद्धा मीच लावलं!"

ताट तसंच उठलं. आठवडा गेला, दुसरा गेला. मशीन चालायचं, तोंड बंद. ज्या घरात स्तुती कधी थांबली नव्हती, तिथं नुसता चमच्यांचा आवाज!

तेवढ्यात एलीशाच्या रानात कांदा काढणीला आला. पात माना टाकून पडली, आणि मजूर मिळेना. एका सकाळी तबिथाबाई रानात गेली — बघते तर वाफ्यात कुणीतरी वाकलेलं. शीलास! सुईची सवय असलेले हात ते, तासाभरात फोड आले. तिनं शेजारचा वाफा धरला. दुसऱ्या दिवशी शीलासची बायकोही आली. तिघं कांदा उपटताहेत.

तिसऱ्या दिवशी दुपारी बांधावर बसले. तबिथाबाईनं भाकरीचं फडकं सोडलं आणि म्हणाली, "करा की प्रार्थना, भाऊजी."

"नाही होत, वहिनी. तुमच्यासमोर 'उपकार' म्हणायला जीभच उचलत नाही."

तिनं फडकं मांडीवरून खाली ठेवलं. मग मातीचे हात जोडले. नवरा गेल्यापासून तिनं प्रार्थना केली नव्हती, मंडळी! — "प्रभू, कांदा काढायला तू माणसं धाडलीस. त्याबद्दल उपकार. बाकीचं मला तुला विचारायचं आहे, आणि ते मी विचारणार. आमेन."

एवढीच! भाकरी मोडली, अर्धी शीलासच्या हातावर ठेवली. शीलास ढसाढसा रडले. रडत रडतच जेवले.

आपल्या प्रभूनं तरी काय केलं? शत्रूच्या हाती धरून दिला जाण्याची ती रात्र. पुढं क्रूस दिसतोय. आणि भाकर हातात घेऊन — उपकार मानले! पण मानून स्वतःच खाल्ली का? नाही! मोडली, आणि दिली.

मुखी उपकार। हात बंद मुठी।
ऐसी स्तुती खोटी। देवाघरी॥

तुमचं लेकरू दुखण्यातून उठलं, तुम्ही साक्षीला उभे राहता. राहा! जरूर राहा! स्तुती थांबवा असं म्हणणारा मी कोण? पण आवाज चढवण्याआधी जरा मान वळवा. कुणाचं अंथरूण रिकामं झालंय? कुणाच्या तोंडून हालेलुया निघत नाहीये?

आत्ताच बघा. माझ्याकडे नको — शेजारी बघा.