बाबांचा ‘आराम’

माझ्या बाबांना एकदा त्यांच्याच हृदयाने खोटं पाडलं होतं, बरं का! घरोघरी मोबाईल नुकते यायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. हार्ट अटॅकनंतर तीन महिने आईने त्यांना सिडकोतल्या आमच्या घराबाहेर पडू दिलं नव्हतं. तपासणीसाठी डॉक्टरांनी त्यांच्या छातीला वायरी चिकटवल्या, कमरेला छोटं मशीन बांधलं आणि सांगितलं, "चोवीस तास घरी नेहमीसारखे राहा. हे मशीन प्रत्येक ठोका नोंदवेल. तुम्ही कधी काय केलंत, ते कागदावर लिहा."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर आलेख पाहिला, मग बाबांचा कागद वाचला.

"काका, संध्याकाळी पाच वाजता तुम्ही ‘आराम’ लिहिलंय. मग ठोके एवढे कसे वाढले?"

बाबांनी आईकडे चोरून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "पांडवलेण्याच्या डोंगराच्या पायऱ्या चढलो."

"अहो! शेजारी पेपर वाचायला जातो म्हणालात ना?" आई ओरडलीच.

"छातीत दुखलं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. दम लागला, पण वर जाऊन बसलो आणि वाटलं, अजून जमतंय आपल्याला."

डॉक्टर हसले. "ठोके वाढले, पण एकदाही चुकले नाहीत. रोज फिरा, फक्त खोटं लिहू नका."

रिक्षात आई तोंड फिरवून बसली. बाबा म्हणाले, "सगळं चांगलं निघालं, तरी राग कसला?"

"मला न घेता गेलात," आई म्हणाली. "तीन महिने मीही घरातच बसलेय."