खण एकच

…बरं, मंगळवार, दुपारची वेळ, डबा उघडलेला, भेंडीची भाजी, आणि त्या दिवशीही मी रिझवानवर चिडलेलोच होतो! तुम्हाला सांगतो, खालापूरच्या एकाच कंपनीत, समोरासमोरच्या टेबलांवर, आम्ही दोघं एकच माहिती दोन तऱ्हांनी सांभाळायचो. माझा डेटाबेस म्हणजे खणांचं कपाट. नाव, हुद्दा, रक्तगट, अडचणीत कोणाला कळवायचं… एका गोष्टीला खण एकच! आणि हा एक्सएमएलवाला, म्हणजे माहिती पिशव्यांत भरून पाठवणारा. पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी पिशवी, कोंबाल तितकं मावतं. हजेरी, कँटीन, दवाखान्याचं कार्ड, सगळ्या यंत्रणा एकमेकींना याच्या पिशव्या पाठवणार, आणि त्या उलगडून खणांत बसवायच्या कोणी? मी!

"जगदीश, माणूस खणात मावतो काय रं?" म्हणायचा. "अडचणीला एकच माणूस? आमचा अख्खा मोहल्ला धावतो!"

"मग मोहल्ल्यात ढोल वाजव," मी म्हणायचो. "इथे खण एकच!"

चहाला हेच, जेवताना हेच, त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून दहिवलीपर्यंत हेल्मेटातून हेच… त्या दिवशी मात्र त्याची सुट्टी होती.

तर डबा उघडलेला आणि फोन. दवाखान्यातली मुलगी. "सर, मिस्टर रिझवान तुमचे कोण?" आता हा काय प्रश्न झाला? कोण! मी म्हटलं, "का, काय केलं त्याने?" पळसदरीजवळ छातीत कळ आली, लोकांनी टेंपोत घालून आणलं, पण पोचायच्या आधीच… ती सांगतेय आणि मी तिच्याशी भांडतोय! "अहो, मला काय कळवता? त्याला बायको आहे!"

"सर, कार्डावर एकच नाव येतंय. तुमचं."

खण एकच.

मग नफिसाभाभींना सांगायला मीच गेलो. त्यांनी ऐकलं, भिंतीला टेकल्या, आणि एवढंच विचारलं, "जगदीशभाऊ, माझं नाव त्यांनी टाकलंच नव्हतं?" आता अशा वेळी कोणी एक्सएमएल समजावतं का? मी समजावलं! "भाभी, त्याच्या यादीत दोन नावं, पहिलं तुमचं, पण खण एकच, पहिलं बसलं की दुसरं त्याच्यावर बसतं, पहिलं पुसलं जातं…" त्यांची बहीण फराह माझ्याकडे अशी बघतेय, की याला कोणीतरी पाणी द्या!

"मला ते नाय कळत," भाभी म्हणाल्या. "पहिलं माझं हाय ना?"

"हाय, भाभी."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याची मूळ पिशवी उघडली. भाभींच्या नावाच्या आत त्याने आणखी एक पिशवी ठेवलेली: 'दुपारी झोपते. दोनदा फोन करा.' माझ्या नावाच्या आत: 'आधी भांडेल. ऐकून घ्या.' सांगा, हे मी कुठल्या खणात बसवू?

साहेब म्हणाले, नावं वाढवता येतील असं करा. केलं हो! वेगळं टेबल जोडलं, आता कितीही नावं द्या. कँटीनच्या पारूने तर निम्मी ठाकुरवाडी भरली! मला मात्र दर सोमवारी सिस्टीम मेल पाठवते, मीच लिहिलेला: 'आपण दिलेला संपर्क बंद आहे, कृपया दुसरा द्यावा.' दुसरा? कुठला दुसरा?

माझ्या नावापुढे रिझवान आहे. मी ते अजून बदललेलं नाही.