पाय मोडला असता तर

बसमध्ये पुढच्या सीटवर दोन सिस्टर बसल्या होत्या. एक पिकल्या केसांची, एक नवखी. मागच्या सीटवर एकटीच बसलेली बाई त्यांच्या ओळखीची नव्हती. तिच्याही अंगावर तसाच युनिफॉर्म होता, कडक इस्त्रीचा, पण आता सैल झालेला. तिचे कान आपसूक पुढे लागले.

"उद्या ती कामावर परत येतेय. औषधांच्या कपाटाची चावी तिच्या हाती द्यायची नाही, सांगून ठेवते."

"अहो ताई, पण शीर तिच्याइतकी पटकन कुणाला सापडते? पोरंसुद्धा रडत नाहीत तिच्याकडे."

"हात चांगलाच आहे गं तिचा. डोक्याचा काय भरवसा?"

"पेशंटच्या घरच्यांना आपणच सांगतो ना, हाही आजारच आहे म्हणून?"

"ते पेशंटचं झालं."

"तिला भेटायला कोण गेलं होतं?"

"जाऊन बोलायचं काय, तूच सांग. पाय मोडला असता तर अख्खा वॉर्ड गेला असता."

मागची उतरायला उठली, तशी ताईंची नजर तिच्या युनिफॉर्मवर गेली.

"अय्या, तुम्हीही सिस्टरच! कुठे असता?"

"इथेच, समोरच्या दवाखान्यात. आज खूप दिवसांनी जातेय."

"का हो, काय झालं होतं?"

"पाय मोडला होता."

"अगं बाई! मग भेटायला रीघ लागली असेल."

"हो ना. घरात बसायला जागा नव्हती."

"थांबा, दारापर्यंत हात देते."

तिने तो हात घट्ट धरला. खाली उतरल्यावर बस वळणाआड जाईपर्यंत ती लंगडत चालली.